तीन रायटर, एक लग्न

तिन्ही ट्रे एकदम बाहेर येतात. पुतण्या पन्नासच्या डब्यातून कोरी डीव्हीडी काढतो, कडांनाच धरतो, खिडकीच्या उजेडात तिरपी करून पाहतो आणि पहिल्या ट्रेमध्ये ठेवतो. मग दुसरी, मग तिसरी. खालची जांभळट बाजू स्वच्छ हवी, तिच्यावर बोट उमटलं की डिस्क बाजूला. तिन्ही ट्रे आत जातात. स्क्रीनवर निरो या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रामच्या खिडकीत तो तिन्ही रायटरांवर खूण करतो आणि वेगाच्या यादीत सोळावरचा बाण आठवर आणतो.

दर्यापुरातलं, बनोशाकडचं घर. साल 2008, आखाजीचा दिवस, सकाळचे सव्वाआठ. ऊन आत्ताच अंगणात टिकू देत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक दारामागे चिकटवलेलं आहे; अकरा वाजता लाईन जाणार. तेवढ्यात पुतणीच्या लग्नाचे बारा सेट निघायला हवेत, कारण दुपारी लेक-जावई जेवायला येताहेत आणि त्यांच्यासोबत व्याही, अकोटचे मामा, अंजनगावची आत्या. शूटिंगवाल्याने एडिटिंग करून दिलेलं लग्न तीन तासांच्या वरचं आहे. ते एका डिस्कवर कोंबलं तर चित्र फुटतं, म्हणून सेटमध्ये दोन: एकीत हळद आणि सीमांतपूजन, दुसरीत लग्न आणि वरात. एकूण चोवीस.

वहिनी रस काढता काढता दारातून डोकावतात.

"काऊन रे, याचा स्पीड कमी काऊन केला? लाईन जाईन नं."

"सोळावर पाच-सहा मिनिटांत निघते आई, आठवर नऊ-दहा लागतात. पण या कोऱ्यांवर आठवरच साफ येते. तीन संगंच निघून रायल्या, मंग घाई कायची?"

मी कागदावर हिशेब मांडतो. एक डिस्क लिहायला दहा मिनिटं, मग तपासायला सहा. एकाच रायटरवर चोवीस काढायच्या म्हटलं तर सहा-साडेसहा तास, म्हणजे काम अर्ध्यावर यायच्या आधीच लाईन जाणार. तिघांवर आठ फेऱ्या, सव्वादोन तास. वाचलेला वेळ हा पोरगा वेग वाढवून आणखी वाचवत नाही. तो सावकाश लिहिण्यात आणि प्रत्येक डिस्क तपासण्यात खर्च करतो. मला हेच फार मोलाचं वाटतं.

कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलंय. आत एकाखाली एक तीन रायटर, प्रत्येकाची आपली वेगळी साटा केबल. मदरबोर्डवरच्या चौथ्या जागी हार्डडिस्क. जुन्या रुंद पट्टीच्या केबलवर दोन रायटर लागायचे खरे, पण दोघांना एकाच वाटेने यावं-जावं लागायचं. टेबलफॅनचा झोत सरळ रायटरांवर आहे. कूलरचं तोंड मात्र भिंतीकडे फिरवलेलं. त्यात बोअरचं पाणी आहे, खारपाणपट्ट्यातलं. जाळीतल्या गवतावर पांढरा थर चढलाय. ती दमट हवा यंत्राला नको.

स्क्रीनवर तीन पट्ट्या जवळपास जोडीनं सरकतात. आत लाल लेसर डिस्कच्या मधल्या भोकाजवळून सुरुवात करतो आणि रंगाच्या थरावर खुणा उमटवत बाहेरच्या कडेकडे जातो. आठच्या वेगाला सेकंदाला सुमारे 11 मेगाबाइट. तिघांचे मिळून 33. पण हार्डडिस्कला तीनदा धावावं लागत नाही. ती इमेज फाईल एकदाच वाचते आणि पंगतीत एका हाताने सगळ्यांच्या पानात वाढत जावं तशी तिन्ही रायटरांना देते. या वेळात संगणकावर दुसरं काही उघडायचं नाही. शेजारचा लहानगा गेम मागायला येतो, त्याला कैरीची फोड देऊन परत पाठवतात.

फेरी संपते. डिस्क लगेच हातात येत नाही. लिहिलेलं मूळ फाईलशी ताडून पाहणं सुरू होतं. ते जुळलं की ट्रे बाहेर. लिहून झालेला भाग कोऱ्या कडेपेक्षा गडद दिसतो, दोहोंमध्ये गोल रेघ. वरच्या बाजूला पुतण्या मऊ टोकाच्या मार्करने '1' किंवा '2' घालतो. चिकटवायचं लेबल तो वापरत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकतीचा तोल कागदाच्या त्या तुकड्यानेही जातो.

चौथ्या फेरीत मधल्या रायटरची डिस्क तपासणीत अडकते. पुतण्या ती चालवून पाहतो. हळदीची गाणी, बायकांचे चेहरे, सगळं दिसतं. एका जागी चित्राचे चौकोन होतात आणि पुन्हा सरळ होतं.

"दिसून तर रायलं नं," वहिनी म्हणतात, "देऊन टाक आत्याले."

"नाही आई. आज दिसते, उद्या अडकन. आत्याले कायले खराब द्याची?"

मार्करने फुली मारून तो ती बाजूला ठेवतो.

वहिनींना कॅसेटचे दिवस आठवतात. दोन व्हीसीआर जोडून लग्न उतरवायचं तर तीन तासांच्या लग्नाला पूर्ण तीन तास. नकलेवरून नक्कल काढली की रंग फिके, चेहरे धूसर. पहिली उतरवलेली मानाच्या घरी जायची आणि शेवटची, पुसट झालेली, जिने लग्नात सगळ्यात जास्त राबून घेतलं तिच्या वाट्याला यायची. डीव्हीडीवर अंक उतरतात, आणि तपासणीत ते जुळले की पहिली नक्कल आणि बारावी यांत तसूभर फरक नसतो.

आठव्या फेरीनंतर बाद झालेलीची जागा भरायला एक डिस्क एकटीच लिहिली जाते. पावणेअकरा वाजून गेलेत. यूपीएस जेमतेम दहा मिनिटं तग धरतो, म्हणून यानंतर नवी सुरू करायची नाही, हे पुतण्यानं आधीच ठरवलंय. तपासणी पूर्ण होते, संगणक बंद होतो. वहिनी रसाचे हात धुऊन, पुसून पाकिटं भरायला बसतात.

अकराला लाईन जाते. बारा सेट टेबलावर आहेत. यातला पहिला कोणता, शेवटचा कोणता, हे आता पुतण्यालाही सांगता येणार नाही. व्याह्यांच्या हाती जे लग्न पडेल, तेच आत्याच्याही.