गर्दी गेटवर नव्हे, रांगेत मोजा

करोनाकाळात शांघायचे डिस्नेलँड ११ मे २०२० रोजी पुन्हा उघडले, तेही क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी लोकांसाठी. आपल्या राज्यातील मनोरंजन उद्यानांना पाण्याचे खेळ वगळून २२ ऑक्टोबर २०२१ पासून परवानगी मिळाली. मात्र, संख्या कमी केली म्हणजे धोका टळला असे नाही. उघड्यावरच्या पाळण्यात श्वासातील विषाणू वाऱ्याने विरतात. तिकीट खिडकीसमोरच्या दाटीत किंवा बंद तंबूत ते सहज दुसऱ्यापर्यंत पोहोचतात. म्हणून वेळ ठरवून थोडेथोडे लोक आत सोडणे महत्त्वाचे. औंढा नागनाथची महाशिवरात्र असो की गोरेगावसारख्या गावची जत्रा, साथीत नियम हाच. ताप-खोकला असेल तर घरीच थांबा. जत्रेतून आणलेला संसर्ग घरच्या आजी-आजोबांना सर्वाधिक महागात पडतो.