टांगलेलें संकट

इंग्रजी वृत्तपत्रांत ‘इम्पेण्डिंग’ हें विशेषण वारंवार भेटतें. संप इम्पेण्डिंग असतो, वादळ इम्पेण्डिंग असतें, क्वचित् थट्टेनें एखाद्याचा विवाहही इम्पेण्डिंग ठरतो. ‘लवकरच घडून येणारा’ हा त्याचा कोशांतील अर्थ चुकीचा नाहीं. पण शब्दांतील धास्ती त्यांत उतरत नाहीं.

‘इम्पेण्ड’ हें क्रियापद इंग्रजींत 16 व्या शतकाच्या अखेरीस आढळूं लागतें. तें लॅटिन ‘इम्पेण्डेरे’पासून आलें. ‘इन्’ म्हणजे येथें वर, आणि ‘पेण्डेरे’ म्हणजे लोंबणें. तेव्हां मूळ अर्थ ‘डोक्यावर लोंबत असणें’ हा होय. कड्यांतून बाहेर आलेल्या, वाटसरूच्या माथ्यावर झुकलेल्या खडकालाही जुने इंग्रज लेखक हेंच विशेषण लावीत.

सिसेरोनें ख्रिस्तपूर्व 45 च्या सुमारास लिहिलेल्या ‘टस्क्युलन संवादां’च्या पांचव्या भागांत डॅमोक्लीसची कथा आहे. सिराक्यूसचा सत्ताधीश डायोनिशियस ह्याच्या भाग्याची हा खुशमस्कऱ्या तोंड फाटेपर्यंत स्तुति करी. राजानें त्याला सोन्याच्या मंचकावर बसविलें, पुढें पक्वान्नें मांडविलीं, आणि घोड्याच्या केसानें बांधलेली एक लखलखती तलवार छतापासून थेट त्याच्या मानेवर सोडविली. ती तेथें लोंबत राहावी, हें सांगतांना सिसेरोनें हेंच क्रियापद योजिलें आहे. मराठींत रुळलेली ‘टांगती तलवार’ ह्याच कथेंतली. ध्यानांत घेण्याजोगें असें कीं, तलवार शेवटपर्यंत पडत नाहीं. तरीही डॅमोक्लीसचा हात ताटाकडे वळत नाहीं, आणि अखेर तो जाण्याची परवानगी मागतो.

‘पेण्डेरे’चा परिवार मोठा आहे. घड्याळाचा ‘पेण्ड्युलम’ लोंबतो. ‘सस्पेण्ड’ झालेला नोकर अधांतरीं राहतो. ‘डिपेण्ड’ करणारा दुसऱ्याच्या आधारानें लोंबतो. मौज अशी कीं, संस्कृतांतील ‘लम्ब्’ धातूचा अर्थही लोंबणें हाच. ‘अवलंबून’ आणि ‘विलंब’ हे शब्द त्याचेच, व कचेरीच्या भाषेंतील ‘प्रलंबित’ आणि ‘निलंबित’ हेही त्याचेच. मात्र ‘इम्पेण्ड’साठीं ह्या धातूनें मराठीला शब्द दिला नाहीं. मराठींत संकट वरून लोंबत नाहीं, तें वाटेनें चालत येतें. तें येऊं घातलेलें असतें, उंबरठ्याशीं येऊन ठेपतें.

भाषांतरकाराची खरी अडचण येथें आहे. घाईंत ‘ओढवलेलें’ असा प्रतिशब्द पडतो. पण जें ओढवलें तें घडून गेलें. ‘वादळ ओढवलें’ असें छापलें, तर होड्या वर ओढून घेण्याची वेळ टळली असें किनाऱ्यावरचा कोळी समजेल. मूळ शब्द तर नेमका तेवढाच अवधि त्याच्या हातीं ठेवीत होता. ‘येऊं घातलेलें वादळ’ म्हटल्यास धास्ती थोडी उणावते, पण अवधि शाबूत राहतो. आणि दोहोंतून एकच राखावयाचें झाल्यास तोच राखलेला बरा.

विवाहाच्या बाबतींत हें विशेषण आजही जपून वापरावें लागतें. नियोजित विवाहाला ‘इम्पेण्डिंग’ म्हणणारा मित्र नवऱ्या मुलाच्या मानेवर नकळत एक तलवार टांगून जातो. आणि वधूपक्षाकडील मंडळींना इंग्रजी चांगलें येत असल्यास त्याला त्याचें उत्तरही द्यावें लागतें.