चंद्रावरची सफर: मेलिएसचा उपहास, फाळक्यांची युक्ती

जॉर्ज मेलिएस यांचा 'अ ट्रिप टु द मून' (1902) हा जेमतेम पाव तासाचा मूकपट विज्ञानपटांचा पूर्वज मानला जातो. तोफेतून सुटलेलं यान चंद्राच्या डोळ्यात रुतलेलं दृश्य सर्वांनाच ठाऊक असतं. चित्रपटाचा अर्थ मात्र त्या दृश्याच्या आधी आणि नंतर आहे. सुरुवातीचे खगोलशास्त्रज्ञ टोकदार टोप्या घातलेल्या जादूगारांसारखे दिसतात, तावातावाने भांडतात. म्हणजे ही विद्वत्तेची थट्टा आहे. चंद्रावर पोचताच ते तिथल्या रहिवाशांना छत्रीच्या फटक्याने धुरात उडवतात. परतताना एक रहिवासी यानाला लटकून पृथ्वीवर येतो. त्याची मिरवणूक निघते आणि मोहिमेच्या प्रमुखाचा पुतळा उभा राहतो. अनेक अभ्यासक यात वसाहतवादाचा उपहास वाचतात, आणि पुतळ्याचा पाय चंद्राच्या डोक्यावर पाहिला की ते वाचन पटतं.

मेलिएस मुळात जादूगार. कॅमेरा थांबवून वस्तू गायब करणं ही त्यांची हुकमी युक्ती. आपल्याकडचे चित्रपटकार दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करत. छायाचित्रण ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. 'लंकादहन' (1917) आणि 'कालिया मर्दन'मध्ये (1919) फाळक्यांनीही कॅमेऱ्याच्या करामती केल्या. मात्र मेलिएस यांच्याकडे युक्ती हसवण्यासाठी येते, तर फाळक्यांकडे देवाचा चमत्कार खरा वाटावा म्हणून.