फुलीच्या टाक्याचा देवदूत

'नाताळ' हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ जन्म, म्हणजे ख्रिस्तजन्माचा दिवस. आमच्यासारख्या घरांत ह्या सणाची ओळख शेजारच्या दारावरील कागदी चांदणी आणि शाळेची सुटी ह्यांपलीकडे सहसा जात नाहीं. मीं छत्तीस वर्षें मास्तरकी केली. माझ्या लेखीं नाताळ म्हणजे स्नेहसंमेलनाची गडबड, एवढेंच. परंतु गेल्या वर्षीं हा सण थेट आमच्या माजघरांत आला, आणि त्याच्या निमित्तानें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं माझ्या हातीं प्रथमच सुई आली. त्या सुईनें जें शिकविलें तें वाचकांपुढें मांडावें, एवढ्यासाठींच हा लेख.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनींत न्यूरेंबर्ग येथें असतो. त्याची मुलगी आतां आठ वर्षांची आहे. गेल्या ऑगस्टांत ती मोबाईलच्या पडद्यावरून आजीला म्हणाली, "आजी, इथें सगळ्यांच्या झाडाच्या शेंड्यावर देवदूत असतो. आमचा शेंडा रिकामाच. तुझ्या राघूसारखा फुल्याफुल्यांचा देवदूत मला करून दे ना." हा राघू माझ्या पत्नीनें लग्नाच्या रुखवतासाठीं मॅटीच्या कापडावर भरलेला, बेचाळीस वर्षें तो आमच्या ओसरीवर चौकटींत बसून आहे.

आमचें घर एकत्र आहे. त्यामुळें ही मागणी लगोलग सर्वांच्या कानीं गेली. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आपल्या घरांत देव थोडे का आहेत, कीं आतां परक्यांचे दूत भरीत बसायचें?" प्रश्न रागाचा असला तरी पोकळ नव्हता. जें करावयाचें तें काय आहे हें आधीं जाणावें, ह्या जुन्या संवयीनें मीं कांहीं वाचन केलें.

नाताळांत घरांत झाड उभें करण्याची चाल मूळची जर्मन लोकांची. ऱ्हाइन नदीकांठच्या आल्सास प्रांतांतील स्ट्रासबुर्ग शहरीं लोक आपल्या दिवाणखान्यांत सूचिपर्णी झाडें उभीं करून त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदें आणि खाऊ टांगीत, असें १६०५ सालचें टिपण आहे. इंग्लंडच्या राजवाड्यांत असें झाड जर्मनींतून आलेल्या शार्लट राणीनें १८०० सालीं उभारिलें. पुढें १८४८ सालीं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' ह्या साप्ताहिकानें व्हिक्टोरिया राणी, तिचा पति आल्बर्ट आणि मुलें झाडाभोवतीं उभीं आहेत असें चित्र छापिलें, आणि घरोघरीं ही चाल पसरली. त्या चित्रांतील झाडाच्या शेंड्यावर पंख पसरलेला एक लहानसा देवदूत आहे.

झाडाचा उल्लेख ख्रिस्तजन्माच्या मूळ कथेंत नाहीं. इतकेंच नव्हे, तर १६४७ सालीं इंग्लंडांतील प्युरिटन पार्लमेंटानें ह्या सणास शास्त्राधार नाहीं म्हणून तो सबंध सणच बंद केला होता. म्हणजे झाड ही लोकरूढि. आपल्याकडील दिवाळींतल्या मातीच्या किल्ल्यासारखी. देवदूत मात्र त्या कथेंतलाच आहे. रात्रीं कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांस बालकाच्या जन्माची वार्ता त्यानेंच सांगितली, असें लूकच्या शुभवर्तमानांत आहे.

न्यूरेंबर्गचा देवदूत तर फारच प्रसिद्ध. पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्याचा चुण्याचुण्यांचा पायघोळ झगा घातलेली ही बाहुली तेथें अठराव्या शतकापासून करितात. पत्रा हालला कीं सळसळतो, आणि त्यावरूनच तिचें जर्मन नांव पडलें. तेथील लोक अशी आख्यायिका सांगतात कीं, एका बाहुल्या करणाऱ्या कारागिराची लहान मुलगी वारली. दुःखानें तो अंथरुणास खिळला असतां एका रात्रीं त्याला पंखांची सळसळ ऐकूं आली आणि मुलगी सोनेरी वेषांत समोर दिसली. उठल्यावर त्यानें तें रूप हातांनीं घडविलें. गोष्ट खरी असो वा नसो. बापानें शोक हातांत उतरविला, एवढें तिच्यांतलें मर्म कोणालाही पटेल.

आतां शब्दाकडे पाहूं. देवदूत म्हणजे देवाचा दूत, हा षष्ठी तत्पुरुष. इंग्रजी 'एंजल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचाही अर्थ निरोप्या असाच आहे. आपल्याकडे मेघ दूत झाला, नळाचा हंस दूत झाला, आणि मारुतिराय तर सर्व दूतांचे शिरोमणि. तेव्हां ही मूर्ति पूजेची नसून निरोपाची आहे, असें मीं वहिनींस सांगितलें. त्यांनीं जपाची माळ खालीं न ठेवितां उत्तर दिलें, "मग निरोप काय धाडायचा तें आधीं ठरवा."

खरी अडचण पुढेंच होती. पत्नीच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधुमेहानें अधू झाले आहेत. तिला रंग कळतात, माणसें कळतात. पण कापडावरचीं घरें मोजतां येत नाहींत. आणि फुलीच्या टाक्यांत मोजणें हेंच सर्वस्व. चार दिवस ती कांहीं बोलली नाहीं. पांचव्या दिवशीं ट्रंकेंतून धाग्यांचा जुना डबा काढून तिनें तो माझ्यापुढें ठेविला आणि म्हणाली, "अहो, डोळे तुमचे, काम माझें. जमेल का?" सांख्यांचा अंधपंगुन्याय मीं कित्येकांना समजावून दिला असेन, तो आपल्याच घरीं लागू होईल असें कधीं वाटलें नव्हतें.

हा टाका पुरातन व जगभर पसरलेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत जेन बॉस्टॉक नांवाच्या स्त्रीनें १५९८ सालीं भरलेलें नमुन्याचें कापड आहे. त्यांत अनेक टाक्यांबरोबर फुलीचा टाकाही आहे, आणि दोन वर्षांपूर्वीं जन्मलेल्या एका मुलीची जन्मवेळ अक्षरांत भरलेली आहे. आपल्या शेजारीं धारवाडकडे कसुतींत ह्यालाच 'मेंथी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांतून चौकटींच्या कागदावर रंगीत नमुने छापून निघूं लागले, आणि जिला चित्र काढतां येत नाहीं तिलाही घरें मोजून चित्र भरतां येऊं लागलें. भरतकामाच्या धाग्यासाठीं विख्यात झालेली डी. एम. सी. ही पेढी १७४६ सालीं आल्सासांतील म्यूलूझ येथें निघाली. म्हणजे झाड आणि धागा हे एकाच प्रांतचे सोयरे.

आतां कृति सांगतों. कापड जाळीच्या विणीचें, एका इंचांत चौदा घरें असलेलें घ्यावें. आलेखाच्या कागदावर मीं आकृति काढली ती ८४ घरें उंच आणि पंखांसकट ७० घरें रुंद. चौदानें भागितां उंची सहा इंच व रुंदी पांच इंच येते. चहूंबाजूंस तीन तीन इंच मोकळे ठेवण्यासाठीं कापड १२ इंच लांब व ११ इंच रुंद लागलें. सुई बोथट टोंकाची असावी. कारण भोकें कापडांत आधींच असतात, नवीं पाडावयाचीं नसतात. लडींतला धागा सहा पदरी असतो. त्यांतले दोनच पदर घ्यावे. एका वेळीं धागा एक हात, म्हणजे कोंपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत, अठरा इंच घ्यावा. अधिक घेतल्यास गुंता होतो. प्रत्येक रंगाची एक लड पुरते.

कापडाची दोनदां घडी घालून मध्य काढावा व तेथूनच आरंभ करावा, म्हणजे चित्र एका बाजूस सरकत नाहीं. गांठ मारूं नये. धाग्याचें इंचभर शेंपूट पाठीमागें सोडून पुढच्या टाक्यांखालीं तें दाबीत जावें, आणि शेवटही तसाच लपवावा. सर्वांत मोठा नियम असा कीं, खालचा तिरका टाका एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा, हा क्रम आरंभापासून अखेरपर्यंत बदलतां कामा नये. एक फुली उलट पडली तरी उजेडांत ती वेगळी चमकते.

रंग पत्नीनें ठरविले. झगा न्यूरेंबर्गच्या सोनेरी झग्याला साजेसा हळदी. त्याच्या घेराला कुंकवाच्या रंगाचा नारळी कांठ, कारण त्रिकोणांची रांग घरें मोजून सहज उतरते. पंख फिक्या निळ्या रंगाचे. डोक्यामागें जरीची प्रभावळ. जरीचा धागा लवकर विसकटतो म्हणून तो वीतभरच घ्यावा. चेहरा गव्हाळ आणि केस काळे. "देवदूताचे केस पिवळे असतात," असें मीं सुचविलें. ती म्हणाली, "माझ्या नातीचे काळे आहेत."

भरावयाचीं घरें मीं मोजलीं तीं २,७३६ झालीं. प्रत्येकास दोन टाके, म्हणजे ५,४७२. रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर दीड तास आम्ही बसत असूं. मी मोठ्यानें घरें मोजीं, आणि ती बोटांनीं कापड चांचपून धागा ताणला गेला आहे कीं सैल राहिला आहे तें सांगे. धागा ताणला कीं कापड आवळतें, सैल राहिला कीं फुली लोंबते. हा भेद मला डोळ्यांनीं दिसत नसे, तिला आंगठ्यानें कळे.

उजवा पंख पुरा होत आला तेव्हां ती थबकली. दोन्ही खांद्यांवरून तिनें पुनः पुनः आंगठा फिरविला आणि म्हणाली, "हा पंख एक घर खालीं आला आहे." मोजून पाहिलें, खरोखरच सोळाव्या ओळीऐवजीं मीं सतराव्या ओळींत आरंभ केला होता. तीन संध्याकाळींचें काम. मी म्हणालों, "झाडाच्या शेंड्यावर बसणार तो, खालून कोणाला दिसणार आहे?" ती म्हणाली, "वर्गांत मुलांना हेंच सांगत होतां काय?" ह्यावर मला उत्तर नव्हतें. एका अनुस्वारासाठीं अर्धा गुण कापणारा मी! पाठीकडून बारीक कात्रीनें टाके कापले, सुईच्या मागच्या टोंकानें धागे उपसले आणि पंख पुनः भरला.

काम पुरें झाल्यावर कापड कोमट पाण्यांत हलकेंच धुऊन, सुलट बाजू टॉवेलावर पालथी घालून इस्त्री केली. पुढें अस्तर लावावयाचें. आकृतीभोवतीं अर्धा इंच सोडून कापड कापावें, तेवढेंच पांढरें सुती अस्तर घेऊन दोन्हींच्या सुलट बाजू आंत ठेवून शिवावें व उलटावें. खालचा घेर टोपड्यासारखा मोकळा ठेवावा. डोकें व पंख ह्यांत चिमूटभर कापूस घालावा, आणि झग्यांत जाड कागदाची दाण्याच्या पुडीसारखी सुरळी बसवावी. तीच शेंड्यावर चढते. वजन हलकें असावें, कारण झाडाचा शेंडा बोटाहून बारीक असतो व लगेच वांकतो.

अस्तर लावण्याआधीं वहिनी आल्या. देवदूताच्या चेहऱ्याकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. कापड उलटें केलें. रुखवत पाहावयास आलेल्या जुन्या बायका असेंच करीत; पुढची बाजू सर्वांचीच चांगली असते, हात कळतो तो पाठीवरून. त्यांना दोन गांठी सांपडल्या, आणि त्या दोन्ही माझ्या होत्या. "ह्या काढा," त्या म्हणाल्या, "पोरीच्या घरीं जायचें आहे तें." गांठी काढल्यावर अस्तर त्यांनींच शिवलें. देव-दूतांविषयीं त्यांचें मत बदललें कीं काय, तें मीं विचारिलें नाहीं, त्यांनींही सांगितलें नाहीं. नोव्हेंबरांत पार्सल गेलें. पोहोंचल्याची चौकशी मात्र त्या रोज करीत.

डिसेंबरांत मुलानें पडद्यावर झाड दाखविलें. नातीनें विचारिलें, "आजी, हा तूं केलास?" पत्नी म्हणाली, "रंग माझे, डोळे आजोबांचे, अस्तर मोठ्या आजीचें." वहिनींनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां सांपडलें. धाडावयाचा निरोप हाच होता.

बहुतेक घरांत असा एखादा हात असतो, ज्याला सर्व येतें, पण डोळे किंवा गुडघे साथ देत नाहींत म्हणून तो स्वस्थ बसून आहे. आपण त्याला विश्रांति देतों आणि त्याला मान दिला असें समजतों. त्याला विश्रांतीपेक्षां दुसऱ्याचे दोन डोळे अधिक हवे असतात. ते जो देईल त्याला विद्या मिळेल. न दिल्यास ती विद्या त्या हाताबरोबर जाईल. मग कापडावर देवदूत भरा कीं राघू, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

नाताळ संपल्यावर देवदूत डब्यांत गेला. पुढील वर्षीं तो पुनः शेंड्यावर चढेल. इकडे नातीनें स्वतः एक लहानसें फूल भरावयास घेतलें असून त्याचें छायाचित्र परवांच धाडलें. फूल सुरेख आहे. कापडाच्या पाठीचेंही छायाचित्र तिनें सोबत पाठविलें आहे. त्यांत गांठीच गांठी आहेत. तें वहिनींना आम्ही अद्याप दाखविलेलें नाहीं.