स्टॉलवर क्रेडिट कार्डाचा अर्ज भरताना

मॉलमध्ये टेबल मांडून बसलेला कार्ड-विक्रेता बहुतेकदा बँकेचा नोकर नसतो. तो कमिशनवर चालणाऱ्या एजन्सीचा माणूस असतो. म्हणून पॅन-आधारचे फोटो त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. अर्ज शक्यतो बँकेच्या संकेतस्थळावर स्वतःच भरा. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर बँकेचे नाव, कारण व तारीख लिहून आडवी सही करा. 'मास्क्ड आधार' द्या; त्यात क्रमांकाचे शेवटचे ४ अंकच दिसतात. फोनवर आलेला ओटीपी एजंटला सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही देणे. न मागता कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसे कार्ड आले, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. फसवणुकीत पैसे गेले, तर ताबडतोब १९३० या सायबर-गुन्हे हेल्पलाइनवर कळवा.