पिकअपखालचा ऑइलचा डाग आणि हजारांचे बिल



आपल्या भागात ट्रॅक्टरच्या जोडीला आता बऱ्याच वस्त्यांवर डिझेल पिकअप उभी दिसते. उसाचे बेणे, खताच्या गोण्या, दुधाचे कॅन, बाजाराचा भाजीपाला, सगळे तिच्यावरच. काही वर्षे चालली की तिच्याखाली जमिनीवर काळा डाग दिसू लागतो. गाडी गॅरेजला नेली की मिस्त्री खाली वाकून पाहतो अन् सांगतो, "क्रँकची मागची सील गेली, गिअर बॉक्स उतरवावा लागेल." आकडा ऐकला की उसाच्या बिलाचा पुढचा हप्ता आठवतो. हे काम केव्हा खरोखर करावे लागते आणि केव्हा नाही, एवढेच येथे सांगायचे आहे.

क्रँक इंजिनाच्या मागच्या तोंडातून बाहेर येऊन फ्लायव्हीलला जोडलेला असतो. त्या फिरत्या दांड्याला बिलगून बसणारी रबरी ओठाची कडी म्हणजे ही सील. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते आणि ओठाची पकड सुटते. सीलची किंमत शेकड्यांत, पण तिच्यापर्यंत पोचायला प्रोपेलर शाफ्ट, गिअर बॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळे सोडावे लागते. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह स्वस्त असतो, पण त्यासाठी सगळा पाइप वर ओढावा लागतो, तसलाच हा प्रकार. पैसा जातो तो मजुरीत.

म्हणून आधी खात्री करावी. ऑइल जेथून निघते तेथेच टपकते असे नाही. ते वरून खाली ओघळते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे गळती कुठलीही असली तरी थेंब बहुधा इंजिनाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात पडतो, आणि बोट मागच्या सीलकडे जाते. वर टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक झालेले असते. कधी ऑइल प्रेशरचा स्विच झिरपतो, कधी टर्बोतून ऑइल परत आणणाऱ्या पाइपाचे पॅकिंग गेलेले असते. काही गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो, त्याच्या पाइपातूनही गळते. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग तशीच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर आवळला, तर त्याची मोठी धारच लागते. यातल्या एकाही कामाला गिअर बॉक्स उतरवावा लागत नाही.

थंड इंजिन ब्रशने डिझेल लावून स्वच्छ धुवावे, पुसून कोरडे करावे. पंचवीस-तीस किलोमीटर गाडी चालवून आणावी आणि मग बॅटरी घेऊन वरून खाली पाहत यावे. सगळ्यात वरची जी ओली जागा, तिथूनच गळती. नीट कळत नसेल तर धुतलेल्या जागी अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरावी. ऑइलची रेघ तिच्यावर लगेच उमटते. खाली पडलेले ऑइल बोटावर घेऊनही पाहावे. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीने काळे होते, गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. गिअर बॉक्सच्या पुढच्या सीलचे ऑइल आणि क्रँकच्या मागच्या सीलचे ऑइल एकाच पोकळीत पडते, तेव्हा ही परीक्षा फार उपयोगी.

आता खरा मुद्दा, ज्याकडे आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डिझेल इंजिनात हवा साधारण १५ ते २० पट दाबली जाते. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला वाट देणारी नळी म्हणजे ब्रिदर. तिच्यात काजळी आणि ऑइलचा चिकट गाळ साचतो, नाहीतर नळी पिचते. चारीचे तोंड बंद झाले की पाणी बांध फोडते. इथेही कोंडलेला वायू कमजोर सील शोधून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात नवी सील घातली तरी ती थोड्याच दिवसांत पुन्हा गळते. मग मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री सील बनवणाऱ्याला.

परीक्षा सोपी आहे. इंजिन तापल्यावर स्लो चालू ठेवून ऑइल भरायची टोपी हळूच सैल करावी आणि तोंडावर उलटी ठेवावी. (उपरण्याचे टोक, साडीचा पदर पंख्यापासून लांब!) थोडी वाफ, थोडा फुत्कार प्रत्येक डिझेलमध्ये असतो. टोपी उडायलाच लागली तर आधी ब्रिदर साफ करून पुन्हा पाहावे. तरीही उडते म्हणजे बहुधा रिंगा झिजल्या किंवा टर्बोत दोष. मिस्त्री लोक ज्याला बॅक कंप्रेशन म्हणतात ते हेच. तिथे नुसती सील बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

ब्रिदर साफ आहे, वरचे सगळे कोरडे आहे आणि ऑइल इंजिनाचेच आहे, तर मात्र सीलचे काम करावेच. गिअर बॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअर बॉक्सची पुढची सील त्याच वेळी पाहून घ्यावी, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. प्लेट ऑइलने भिजली असेल तर ती गेलीच समजा. सील जिथे बसते तिथे क्रँकवर खाच पडली आहे का, ते नखाने तपासायला सांगावे. खाच असेल तर नवी सील किंचित पुढे-मागे बसवतात किंवा तिथे पातळ बाही चढवतात. जुने सामान परत मागून घ्यावे.

प्रत्येक गळती दुरुस्त केलीच पाहिजे असेही नाही. जुन्या गाडीचे पॅकिंग नुसते ओलसर असेल, थेंब पडत नसेल, तर ऑइल तपासत राहावे आणि गाडी चालवावी. ठिबक मात्र उसाला चांगले, इंजिनाला नाही. दर दहा सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर चोवीस तास चाललेल्या इंजिनातून सुमारे ४३० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर ऑइल जाते. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर थेंब पडत असतील तर एक दिवसही थांबू नये. तशी गाडी वाळलेल्या पाचटावर उभी केली तर गाडीसकट फड पेटायचा.

बाहेरून सिलिकॉन थापणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खोटा उपाय. जास्तीचे सिलिकॉन आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर ऑइल वर चढत नाही आणि इंजिन बसते. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर "घरापर्यंत जाऊ दे" म्हणू नये; तिथेच इंजिन बंद करावे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या ज्यांच्या सायलेन्सरला काजळी पकडणारा फिल्टर आहे, त्यांत काजळी जाळताना थोडे डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळू शकते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालेले असते, लगेच बदलून घ्या. आणि या गाड्यांत गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच कमी राखेचे ऑइल घाला. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेले ओतू नका.