गोळी आधी, बंदूक नंतर

एक्स्ट्रॅक्शन शूटर या प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू स्वतःच्या साठ्यातली बंदूक, काडतुसे आणि चिलखत घेऊन नकाशात उतरतो, सापडेल ती लूट गोळा करतो आणि ठरलेल्या वाटेने जिवंत बाहेर पडायला बघतो. बाहेर पडला तर जवळचे सगळे त्याचे. वाटेत मारला गेला तर आणलेलेही गेले आणि मिळवलेलेही. बीजीएमआयसारख्या बॅटल रॉयल खेळात जो तो रिकाम्या हाताने उतरतो, बंदूक तिथेच सापडते आणि सामना संपला की तिचा संबंध संपतो. त्यामुळे समोर दिसेल त्यातली सर्वांत जबरदस्त बंदूक उचलायची, एवढेच तिथे कळावे लागते. इथे मात्र प्रत्येक बंदूक विकत घेतलेली, जपलेली किंवा दुसऱ्याकडून हिसकावलेली असते आणि पुढच्या अर्ध्या तासात ती कायमची जाऊ शकते. म्हणून कोणती बंदूक घ्यावी याचे उत्तर तिची ताकद, तिच्यातली काडतुसे, नकाशा आणि खिसा या सगळ्यांवर मिळून ठरते.

या प्रकाराला आजचा आकार दिला तो ‘एस्केप फ्रॉम टारकोव्ह’ने. सेंट पीटर्सबर्गच्या बॅटलस्टेट गेम्स या कंपनीचा हा खेळ जुलै २०१७ मध्ये बंद बीटा स्वरूपात सुरू झाला आणि १५ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याची १.० आवृत्ती आली. टारकोव्ह हे वायव्य रशियातले काल्पनिक शहर. यूसेक आणि बेअर या दोन खासगी लष्करी कंपन्यांचे मागे राहिलेले सैनिक आणि स्कॅव्ह म्हणून ओळखले जाणारे स्थानिक लुटारू तिथे एकमेकांवर टपलेले असतात. शहर कल्पनेतले असले तरी बंदुका खऱ्या आहेत आणि काडतुसेही खरी. शस्त्रनिवडीचा सगळा पेच या खेळात जितका उघड दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो.

टारकोव्हमध्ये नवा माणूस पहिली चूक करतो ती बंदुकीकडे पाहण्याची. इथे इजा करते ते काडतूस. बंदूक त्याला फक्त वाट दाखवते. एकाच मापाच्या काडतुसांचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येकाला दोन महत्त्वाचे आकडे असतात. एक मार, म्हणजे उघड्या अंगावर लागल्यास होणारी इजा. दुसरी भेदकता, म्हणजे चिलखतातून आरपार जाण्याची शक्ती. हे दोन आकडे सहसा एकमेकांच्या विरुद्ध धावतात. पोकळ टोकाची गोळी उघड्या अंगात मोठी जखम करते, पण चिलखतावर अडते. कठीण गाभ्याची गोळी चिलखत फोडते, पण तिची जखम लहान असते.

चिलखताचे वर्ग १ ते ६ असे आहेत. भेदकतेच्या आकड्याला दहाने भागले की साधारण कोणत्या वर्गापर्यंत ती गोळी भरवशाने आत शिरेल ते कळते, हा खेळाडूंनी अनुभवातून बसवलेला ठोकताळा. ५.५६ मिलिमीटरच्या मापात एम८५५ या नेहमीच्या गोळीची भेदकता तिशीच्या आसपास राहिली आहे आणि एम९९५ची पन्नाशीच्या वर. एम४ए१ रायफलीवर महागडी दुर्बीण, पकड आणि सायलेन्सर चढवून त्यात एम८५५ भरणारा खेळाडू पाचव्या वर्गाच्या चिलखतासमोर गोळ्या वाया घालवत राहतो. त्याच चिलखतासमोर साधी, काहीही न जोडलेली एके-७४, पण बीएस प्रकारच्या भेदक गोळ्यांनी भरलेली, दोन-तीन नेमक्या गोळ्यांत काम संपवते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी काडतुसांवर खर्च करावेत. या खेळात याहून उपयोगी सल्ला नाही.

भेदकता इतकी निर्णायक का, ते शरीराच्या हिशेबावरून कळते. टारकोव्हमधल्या माणसाचे एकूण आरोग्य ४४० गुणांचे असते, पण ते एका जागी नसून सात भागांत वाटलेले आहे: डोके ३५, छाती ८५, पोट ७०, प्रत्येक हात ६०, प्रत्येक पाय ६५. डोके किंवा छाती शून्यावर आली की मरण. बाकीचा भाग निकामी झाला तर माणूस लंगडतो, हात थरथरतो, आणि त्या भागावर पुढे बसणारा मार उरलेल्या अंगावर पसरतो. डोक्याचे ३५ गुण इतके कमी आहेत की शिरस्त्राण भेदून आत गेलेली जवळपास कोणतीही गोळी पुरते. छातीला मात्र पन्नाशीच्या आसपास मार असलेल्या दोन गोळ्या लागतात, त्याही चिलखत भेदून गेल्या तर.

यातूनच गरिबाचा एक डाव निघतो. पायांना चिलखत नसते. भेदक काडतुसे परवडत नाहीत अशा खेळाडूने छाती सोडून पायांवर पोकळ टोकाच्या गोळ्या किंवा शॉटगनचे छर्रे झाडले, तर आधी दोन्ही पाय जातात आणि मग उरलेला मार वर चढत जाऊन माणूस कोसळतो. सहाव्या वर्गाचे चिलखत घातलेला श्रीमंत खेळाडू अशा स्वस्त शॉटगनपुढे पडतो. खेळाची ही रचना मोठी न्याय्य आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ०.१४ या अपडेटने चिलखत आणखी बारकाईने मांडले: आता कठीण पट्ट्या नेमक्या जागी बसतात आणि पट्टीच्या बाहेरच्या भागावर मऊ अस्तर तेवढे उरते. त्यामुळे गोळी नेमकी कुठे लागली याला पूर्वीपेक्षा जास्त अर्थ आला.

काडतुसानंतर विचार करायचा तो अंतराचा, आणि अंतर ठरवतो नकाशा. फॅक्टरी हा एका कारखान्याएवढा लहान नकाशा आहे. तिथे वळणावर शत्रू अचानक समोर येतो, नेम धरायला वेळ नसतो. एमपी५ किंवा पीपी-१९-०१ व्हित्याझसारखी ९ मिलिमीटरची सबमशीनगन आणि एमपी-१५३ किंवा सायगा-१२सारखी शॉटगन तिथे शोभते. लांब पल्ल्याची बोल्ट रायफल तिथे नेणे म्हणजे पहिली गोळी चुकली की दुसरीची संधी न मिळणे. वूड्स या जंगलाच्या नकाशात उलट परिस्थिती. तिथे झाडांच्या आडून, टेकडीवरून, शेकडो पावलांवरून गोळी येते आणि सबमशीनगनची गोळी तिथवर पोचेतो तिचा जोर ओसरलेला असतो. १८९१ साली रशियन सैन्याने स्वीकारलेली मोसिन रायफल म्हणूनच इथे आजही मानाची: दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो, पण ती स्वस्त आहे, तिचे ७.६२×५४ मिलिमीटरचे काडतूस जबरदस्त आहे आणि डोक्यावर बसलेली एक गोळी बहुतेक वेळा दुसरीची गरज ठेवत नाही. सुरुवातीच्या खेळाडूसाठी याहून चांगला सौदा क्वचितच असेल.

अवघड असतात ते मिश्र नकाशे. कस्टम्समध्ये मोकळे रस्ते आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना लांबचा नेम लागतो आणि काही मिनिटांनी वसतिगृहाच्या अरुंद जिन्यांत हातभर अंतरावर लढावे लागते. इथे मधल्या पल्ल्याची, एकेक आणि सलग अशा दोन्ही प्रकारे चालणारी रायफल उपयोगी पडते. ७.६२×३९ मिलिमीटरच्या एकेएमचा धक्का जास्त असला तरी तिची साधी पीएस गोळीही मध्यम चिलखताला नमवते. एसकेएस तेच काडतूस अर्धस्वयंचलित पद्धतीने झाडते आणि बरीच स्वस्त पडते.

आता खुद्द बंदुकीकडे. टारकोव्हमध्ये तिचा प्रत्येक भाग सुटा आहे: नळी, दस्ता, पकड, मॅगझिन, दुर्बीण. प्रत्येक भाग एर्गोनॉमिक्स आणि रिकॉइल या दोन आकड्यांना खालीवर करतो. एर्गोनॉमिक्स म्हणजे बंदूक किती चटकन डोळ्यापाशी येते आणि नेम धरून ठेवताना दम किती टिकतो. रिकॉइल म्हणजे चाप ओढल्यावर नळी किती उसळते. नवे खेळाडू रिकॉइल कमी करण्याच्या मागे लागून बंदुकीला वजनदार जोडकामाने मढवतात आणि ती उचलायलाच उशीर होतो. जवळच्या लढाईत आधी नेम धरणारा जगतो, म्हणून तिथे एर्गोनॉमिक्सला झुकते माप द्यावे. ६० गोळ्यांचे मॅगझिन मोहक दिसते, पण ते जड असते, बंदूक मंदावते, अडकण्याचा धोकाही वाढवते. बहुतेक फेऱ्यांना ३० गोळ्यांची तीन-चार भरलेली मॅगझिन पुरतात.

भरलेली हा शब्द महत्त्वाचा, कारण मॅगझिनमध्ये गोळ्या एकेक करून भरल्या जातात आणि ते काम नकाशात उतरल्यावर गोळीबाराच्या गडबडीत करायचे नसते. शेवटी घातलेली गोळी आधी सुटते. हे ओळखून काही जण थोड्याशा महागड्या गोळ्या वरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे पहिल्या फैरीला त्या लागू होतात. काही जण तळाशी उजेड सोडणाऱ्या ट्रेसर गोळ्या ठेवतात, म्हणजे मॅगझिन संपत आले हे नळीकडे पाहूनच कळते. बंदुकीच्या टिकाऊपणाकडेही लक्ष हवे. झिजलेली बंदूक ऐन वेळी अडकते आणि दर दुरुस्तीला तिची कमाल मर्यादा थोडी घटत जाते. मेलेल्या स्कॅव्हच्या हातातून उचललेली रायफल म्हणून लगेच लढाईला वापरू नये.

आवाज हा स्वतंत्र विषय आहे. गोळीचा आवाज दूरवर जातो आणि जिथे लढाई तिथे लूट हे सगळ्यांना माहीत असल्याने तिसराच कुणीतरी येऊन दोघांचे संपवतो. सायलेन्सर आवाज आणि नळीची चमक दोन्ही दाबतो. व्हीएसएस व्हिंतोरेझ आणि एएस व्हाल या ९×३९ मिलिमीटरच्या बंदुकांत तो अंगभूत असतो आणि त्यांची गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा हळू जाते. त्यामुळे त्या फार शांत असतात, पण थोड्या अंतरानंतर गोळी झपाट्याने खाली येते.

उरला पैशाचा प्रश्न. तीन फेऱ्यांतून एकदाच जिवंत परतणाऱ्या खेळाडूने एका फेरीच्या मिळकतीत तीन फेऱ्यांचे साहित्य भागेल असेच सामान घ्यावे. विमा उतरवता येतो, पण त्याचा नियम विलक्षण आहे: मेल्यावर कुणी ती वस्तू उचलून नेली नाही तरच ती परत येते. परिणामी देखणी, महाग रायफल जवळपास कधीच परतत नाही आणि साधी एके वा मोसिन वारंवार परतते, कारण ती उचलून नेण्याचे कष्ट कुणी घेत नाही. मेल्यावरही खेळाडूकडेच राहणाऱ्या सुरक्षित पेटीत मोठी बंदूक मावत नाही, पण काडतुसे मावतात. चांगली काडतुसे तिथे ठेवणारा मेल्यावरही त्यातली उरलेली वाचवतो. सर्वांत भेदक काडतुसे नुसत्या पैशाने सहज मिळत नाहीत. प्रापोर, पीसकीपर, मेकॅनिक अशा व्यापाऱ्यांशी विश्वासाची पातळी वाढवावी लागते किंवा स्वतःच्या अड्ड्यातल्या कामाच्या टेबलावर ती तयार करावी लागतात.

हाच विचार इतर खेळांत वेगळे रूप घेतो. क्रायटेकच्या ‘हंट: शोडाउन’मध्ये काळ १८९० च्या दशकाचा आणि चिलखत नाहीच. तिथे शिकाऱ्याचे आरोग्य १५० आणि स्पार्क्स या एकेरी रायफलीचा मार १४९. छातीवर गोळी बसूनही शत्रू एका गुणाने जगतो. आधीच किंचित जखमी असेल तर मात्र जागीच पडतो. एक गोळी झाडून पुन्हा भरायला वेळ लागत असल्याने तिच्या सोबत झटपट चालणारे पिस्तूल घेणे जवळपास सक्तीचे होते. जोडी कशी जमते हे तिथे एकट्या बंदुकीपेक्षा मोठे ठरते, कारण सामान ठेवायला जागाही मोजकीच असते.

स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओजने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी आणलेल्या ‘आर्क रेडर्स’मध्ये शत्रू दोन प्रकारचे आहेत: दुसरे खेळाडू आणि आर्क नावाची चिलखती यंत्रे. फेरो ही जड गोळीची रायफल यंत्रांचे कवच फोडते, पण दर गोळीनंतर पुन्हा भरावी लागते, त्यामुळे जवळच्या माणसासमोर ती लंगडी पडते. हलक्या गोळीची स्टिचर नेमकी उलट. हलक्रॅकर तर फक्त यंत्रांवरच परिणाम करतो. दोन बंदुका नेता येत असल्याने एक यंत्रासाठी आणि एक माणसासाठी हीच समंजस वाटणी. ज्यांना काहीच गमवायचे नाही त्यांच्यासाठी खेळ फुकट, पण आपल्या मर्जीचे नसलेले सामानही देतो. नकाशाच्या वाटा शिकायला ते उत्तम.

कोणतीही यादी फार काळ टिकत नाही, कारण निर्माते आकडे बदलत राहतात. टारकोव्हच्या ०.१४ अपडेटने रिकॉइलची पद्धतच बदलली आणि त्यापूर्वी भरमसाठ जोडकामाशिवाय निरुपयोगी वाटणाऱ्या बंदुका एकदम वापरण्याजोग्या झाल्या. बीटाच्या काळात दर काही महिन्यांनी सगळ्यांची प्रगती पुसली जात असे आणि त्या वेळी सुरुवातीच्या आठवड्यांत चिलखते हलकी असल्याने स्वस्त गोळ्याही राज्य करत. नव्या अपडेटनंतर आधी त्या वेळच्या भेदकतेचा तक्ता पाहावा, मग ऑफलाइन सरावाच्या फेरीत, जिथे काहीच जात नाही, दोन-तीन बंदुका वेगवेगळ्या अंतरांवर चालवून पाहाव्यात आणि हाताला बसेल तिचीच काडतुसे साठवायला लागावे.